छोट्या कारखान्यात कंपनी कल्चरमुळे कार्बन उत्सर्जन खरंच कमी होतं का?

हो, होतं, आणि लहान युनिटमध्ये तर पटकन होतं कारण मालक रोज शॉपफ्लोअरवरच असतो. मी वर्कशॉपची एनर्जी ऑडिट करतो, म्हणजे वीज-इंधन कुठे वाया जातं ते तपासतो, त्यात कॉम्प्रेसरचंच (विजेवर हवा दाबून पाइपातून पुरवणारं मशीन) बघा, लक्ष नसेल तर 20 ते 30 टक्के हवा लीकेजमध्येच जाते, म्हणजे तेवढी वीज वाया, आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सूंऽऽ आवाज आला की ऑपरेटरने स्वतःहून त्या गळतीच्या जागी खुणेचा टॅग लावायचा, जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद, आणि सांगणाऱ्यावर कुणी ओरडायचं नाही, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगतच नाही. फक्त बॉयलर किंवा भट्टी असेल तर नुसत्या सवयींनी भागत नाही, तिथे इंधन किंवा मशीन बदलायला पैसे घालावेच लागतात.