चॅनेल नेटवर लाइव्ह नेताय? आधी अपलोड मोजा

भाऊ, एन्कोडर (चित्र नेटवर पाठवण्याजोगं करणारं यंत्र) कुठला घ्यायचा ते नंतर बघू. आधी स्टुडिओत रात्री ८ वाजता अपलोड स्पीड मोजा, दुपारचा आकडा फसवतो. ७२०पी दर्जाच्या चित्राला साधारण ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरा आणि लाइनला त्याच्या दुप्पट अपलोड कायम मिळायला हवं. दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची, शक्यतो वेगळ्या खांबावरून आलेली घ्या.

सिग्नल प्लेआउटच्या (कार्यक्रम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) एसडीआय या व्हिडिओ आउटपुटमधूनच उचला, सेट-टॉप बॉक्समधून नको. हा सिग्नल ५० फील्डचा इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं आलटून-पालटून दाखवणारा असेल आणि डीइंटरलेस केला नाही, म्हणजे त्यांची पूर्ण चित्रं केली नाहीत, तर बातम्यांची पट्टी सरकताना अक्षरांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये सोर्सवर राइट-क्लिक केलं की डीइंटरलेसची सोय सापडते. कीफ्रेम (पूर्ण पाठवलेलं चित्र) दर २ सेकंदांवर, बिटरेट सीबीआर, म्हणजे कायम एकसारखा ठेवा.

विसर्जन मिरवणुकीच्या रात्री आमच्याकडे वीज गेली. एन्कोडर यूपीएसवर होता, राउटर नव्हता! परगावी गेलेली आपली माणसं मिरवणूक सोडून गोल फिरणारं चक्र बघत बसली. ते अजून मनाला लागतं. म्हणून राउटर, स्विच, फायबरचा डबा, सगळं यूपीएसवर घ्याच.

आणि हो, यूट्यूबवर जाणार असाल तर सिनेमाच्या गाण्यांच्या वेळी लावायला स्वतःचा कार्यक्रम तयार ठेवा. कॉपीराइटमुळे चालू लाइव्ह मध्येच बंद होऊ शकतं.