मांजराची किडनी खराब झालीय, रोज सलाईन द्यायचा खर्च करावा का?

तुम्ही लिहिलंय की मांजर 12 वर्षांची आहे, डॉक्टरांनी किडनी खराब झाल्याचं सांगितलंय, रोज कातडीखाली सलाईन द्या म्हणालेत, आणि घरचे म्हणतायत की मांजरावर एवढा खर्च कशाला, इंजेक्शन देऊन सोडवा. काय करू असं विचारलंय.

करा. खर्च करा. आधी हे सांगते आणि मग बाकीचं, कारण तुमच्या प्रश्नातलं ते "घरचे म्हणतायत" वाचलं आणि मला राहवेना.

आमची मांजर कृष्णी 2005 च्या कृष्णा नदीच्या पुरात आली. आम्ही सांगलीत गावभागात राहतो, पहिला मजला. पाणी ओसरल्यावर खाली गाळ काढत होतो तर जिन्याखाली हे एवढंसं पिल्लू, गाळानं माखलेलं, डोळे चिकटलेले, आवाज पण निघत नव्हता. सासूबाईंनी पदरात घेतलं, कापसानं डोळे पुसले आणि पुराबरोबर आली म्हणून नाव कृष्णी. त्या आधी आमच्या घरात कुणी मांजराला उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, हे लक्षात घ्या. पुढची 14 वर्षं ती सासूबाईंच्या पायाशी झोपली.

2019 च्या उन्हाळ्यात ती बाथरूमच्या बादलीवर जाऊन बसायला लागली. सारखं पाणी. आम्हाला वाटलं ऊन आहे, पितेय तर चांगलंच आहे की. इथंच सगळे फसतात. मांजर जास्त पाणी प्यायला लागली, लघवी वाढली आणि पाठीचा कणा हाताला लागायला लागला की लगेच रक्त तपासायचं, वाट बघायची नाही. आम्ही पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडं नेलं त्यांनी हातसुद्धा न लावता "म्हातारी झालीय, आता काय करायचं" म्हणून परत पाठवलं. मग दुसऱ्यांकडं नेलं, त्यांनी रक्त काढलं, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) 4.2. मांजराला 1.6 पर्यंत ठीक धरतात म्हणाले. आणि हे पण सांगितलं की रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं दोन तृतीयांशाहून जास्त काम गेलेलं असतं, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. मांजर दुखणं लपवते, शेवटपर्यंत लपवते.

तर सलाईन. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार, त्याची 500 मिलीची बाटली, आम्हाला तेव्हा पन्नास-साठ रुपयांना मिळायची. सुरवातीला रोज 100 मिली आणि पंधरा दिवसांनी दिवसाआड. म्हणजे बाटली दहा दिवस जायची. वर सुया, आयव्ही सेट. सगळं धरून महिन्याला सहाशेच्या आत. हा आकडा मी मुद्दाम लिहितेय कारण "मांजराला सलाईन" म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं आयसीयू येतं आणि हजारो रुपये येतात, आणि मग ते बोलायला मोकळे होतात. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तेच केलं.

ऑगस्ट 2019. सांगलीची माणसं वाचत असतील तर त्यांना सांगायला नको. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात, तिथली धोका पातळी 45 फूट, 2005 ला पाणी 53 वर गेलं होतं, आणि सगळी सांगली त्याच मापावर विसंबून होती की 2005 ला जिथवर आलं त्याच्या पुढं काय यायचं नाही. आम्ही पण. सामान वर घेतलं, चार दिवसांचं दूध पावडर-बिस्कीट आणलं आणि बसलो. ते 57 च्या वर गेलं. लाईट गेली, नळ गेला, 7 तारखेला दुपारी आमच्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांना पाणी लागलं तेव्हा गल्लीत पोरांची होडी आली आणि निघा म्हणाले.

आता कृष्णी पलंगाखाली सगळ्यात आतल्या कोपऱ्यात. हे ओढून काढायला गेले तर हात ओरबाडून काढला. खाली पोरं ओरडतायत, मावशी चला, अजून दहा घरं आहेत. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, तिला सोडून मी येत नाही बघ. गुडघे गेलेली 74 वर्षांची बाई, तिला दोघांनी धरून जिना उतरवायचा होता. शेवटी मी पलंगाखाली आडवी होऊन उशीची खोळ कृष्णीवर टाकली, खोळीसकट उचलली, तशीच चेनच्या बाजाराच्या पिशवीत घातली आणि चेन थोडी उघडी ठेवली. (हे लक्षात ठेवा, घाबरलेलं मांजर खोळीत शांत होतं, उघड्या हातानं धरायला जाऊ नका.) दुसऱ्या हातात आरएलच्या दोन बाटल्या आणि सुयांचं पाकीट. कपडे घेतले नाहीत, दागिने सासूबाईंच्या कंबरेला होते तेवढेच. होडीत पिशवी सासूबाईंच्या मांडीवर होती. कुणाची जागा अडवली नाही. होडी हाकणाऱ्या पोराला मी विचारलं, बाळा मांजर आहे, चालेल का, तर तो म्हणाला काकू घ्या की, मागच्या फेरीत शेळी नेलीय.

सांगलीतच विश्रामबागला मोठ्या दिरांचं घर. तिकडं पाणी नव्हतं. त्यांनी आम्हाला घेतलं, तेरा दिवस जेवायला घातलं, कपडे दिले, ते मी विसरत नाही आणि विसरणारही नाही. पण दुसऱ्या दिवशी ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. सगळ्या चॅनेलवर तेच. संध्याकाळी मी खिडकीच्या पडद्याच्या दांडीला बाटली अडकवून कृष्णीला सलाईन लावत होते, समोर टीव्ही चालू, आणि जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तिकडं माणसं बुडून मेली आणि तुम्ही मांजर घेऊन होडीत बसलात. वर सलाईन. आईंच्या गुडघ्याला तेवढे पैसे नव्हते तुमच्याकडं."

मला उत्तर सुचलं नाही. हातात सुई होती, ती निसटू नये म्हणून मी खाली बघत राहिले.

उत्तर आता देते. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पैशासाठी थांबलंच नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर बघितली, ती आली 9.4, आणि म्हणाले आधी ही खाली आणा, नाहीतर जखम भरणार नाही, इन्फेक्शन होईल. ऑपरेशनचे पैसे बँकेत एफडीत होते, पावती आईंच्याच नावावर होती. हे मोठ्या दिरांना माहीत होतं, त्यांनी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोलले नाहीत. आणि महिन्याला सहाशे रुपये वाचवून गुडघा बदलता येतो का हो? पण ज्याला बोलायचंय त्याला हिशोब नको असतो. तुमच्या घरच्यांना पण हिशोब नको असणार. त्यांना मांजर म्हणजे घरातलं कुणी आहे हेच मान्य नाही, आणि ते सरळ म्हणता येत नाही म्हणून ते खर्चाचं नाव काढतात. तुम्ही बिलं दाखवत बसाल आणि ते दुसरं काहीतरी काढतील. दाखवू नका. मी नंतर वही काढून एप्रिलपासूनचा सगळा हिशोब जाऊबाईंपुढं ठेवला होता, त्यांनी उघडली पण नाही.

सासूबाई त्या संध्याकाळी गप्प बसल्या. मांडीवर कृष्णी, तिच्या कानांच्या मागं बोट फिरवत बसल्या फक्त. ते मला फार लागलं. थोरल्या लेकाच्या घरात आश्रयाला आलोय, तिथं काय बोलणार, हे मला कळत होतं तरी लागलं.

घरी परत आलो, गाळ काढला, आणि कृष्णी त्यानंतर जवळजवळ तीन महिने छान जगली. छान म्हणजे खरंच छान. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली अडकवायची, ती सासूबाईंच्या मांडीवर, मी मागून सुई लावायची, सात-आठ मिनिटात काम झालं की खांद्यापाशी पाण्याचा हा एवढा फुगा, तो हळूहळू पायाकडं उतरायचा आणि संध्याकाळपर्यंत जिरायचा. सलाईन दिल्यावर दोन तासांनी उठून स्वतःहून उकडलेलं चिकन मागायची, खिडकीत बसून चिमण्यांवर दात कटकटवायची. दिवाळीत पणतीशी खेळायला गेली आणि मिशा थोड्या जाळून घेतल्या. हे महिने मी सहाशे रुपयांना विकत घेतले असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे, मी परत घेईन.

आता इंजेक्शनचं. तुम्ही ते पण विचारलंय आणि त्यावर मला सरळ बोलता येत नाही, पण बोलते.

दिवाळीनंतर पंधरा-सोळा दिवसांनी तिनं खाणं सोडलं. तोंडाला वास, हिरड्यांवर फोड, मान टाकून पाण्याच्या वाटीसमोर बसायची पण प्यायची नाही. क्रिएटिनिन 11 च्या वर. डॉक्टर म्हणाले आता सलाईननं काही होणार नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा मी घरी येऊन इंजेक्शन देतो, आधी भूल देतो, तिला कळणार नाही. त्या रात्री सासूबाई मला म्हणाल्या, "हिला आता सोडव. कुणाच्या बोलण्यावर जाऊ नको." बघा म्हणजे, ऑगस्टमधलं त्यांच्या डोक्यात होतं. मला वाटत होतं त्यांनी ऐकलंच नाही.

आणि तरी मी दोन दिवस फोन केला नाही. कारण मला एकच दिसत होतं, की इंजेक्शन दिलं की विश्रामबागला कळणार आणि जाऊबाई म्हणणार, थकलात ना शेवटी, मग एवढं सगळं केलं कशाला. दोन दिवस मी सलाईन देत राहिले, ते जिरत नव्हतं, फुगा तसाच राहायचा, आणि ती प्रत्येक वेळी सुईला थोडी शहारायची, आधी कधी शहारायची नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली, आपणहून, पण सोपं नाही गेली. ते मी इथं लिहीत नाही. परसात पारिजातकाखाली पुरलं, तिथं अजून पुराचा गाळ होता.

म्हणून सांगते, कुणाच्या बोलण्यावरून सलाईन बंद करू नका आणि कुणाच्या बोलण्यावरून लांबवू पण नका. मी पहिली चूक केली नाही आणि दुसरी केली. तुमची मांजर खातेय का, अंग चाटून साफ करतेय का, तुम्ही दार उघडलं की मान वर करतेय का, तेवढं बघा. तीन दिवस यातलं काहीच नाही आणि डॉक्टर पण म्हणतायत, तर त्यांना घरी बोलवा. दवाखान्यात नेऊन शेवट करू नका, तिथं कुत्र्यांचा वास असतो.

सासूबाईंचा गुडघा 2020 च्या फेब्रुवारीत झाला, शुगर 7.1 आल्यावर. त्याच एफडीतून. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं, आयर्विनला 50 च्या पुढं, परत होडी आली. या वेळी घर सोडायला आम्हाला पाच मिनिटं लागली. सासूबाई जिना स्वतः उतरल्या.

राहिलेलं पटापट लिहिते. सलाईन घरीच द्या, रोज रिक्षातून नेऊन तिचे हाल करू नका, दवाखान्यात दोनदा करून दाखवायला सांगा म्हणजे येतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा, गार सलाईननं मांजर उठून पळते. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची आणि त्या तंबूत सुई. आम्ही 21 नंबरची वापरायचो. दर वेळी नवीन सुई, दोन-तीन रुपयांसाठी जुनी वापरू नका. ग्लुकोजची बाटली कातडीखाली चालत नाही, मेडिकलवाला "तेच आहे" म्हणून देईल, घेऊ नका. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामोल तर चुकूनसुद्धा नाही, मांजर मरते त्यानं. घरात लिलीची फुलं आणत असाल तर ती पण बंद, ती सरळ किडनी घालवतात.

एक मात्र आहे, हे मी आधी लिहायला पाहिजे होतं. तुमच्या मांजराला हृदयाचा त्रास असेल तर रोज सलाईन धोक्याचं आहे, छातीत पाणी होतं, तेव्हा डॉक्टरांना छाती तपासून घ्यायला सांगा आणि किती मिली ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, माझ्या 100 मिलीवर विसंबू नका, कृष्णी सव्वातीन किलोची होती. श्वास जोरात चालला तर सलाईन बंद आणि सरळ दवाखाना. आणि खरोखरच घरात पैशाची ओढाताण असेल, मुलांची फी अडतेय अशी, तर कर्ज काढून हे करू नका, तेव्हा डॉक्टरांना तसं मोकळेपणानं सांगा, ते कमीत कमी काय करता येईल ते सांगतात.

क्रिएटिनिन किती आलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि वजन लिहा. आणि ती खातेय का ते.