पुणे विद्यापीठात पीएचडीला येतोयस, तर आधी एवढं कर

प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज भर. जागा कमी, मागणारे फार.

मग थेट जयकर ग्रंथालय गाठ. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचं नाव त्याला दिलंय. तिथल्या कर्मचाऱ्यांशी ओळख ठेव. जुने अंक, सशुल्क नियतकालिकं कुठे मिळतील हे ते जितक्या आपुलकीने सांगतात, तितकं कोणतंही संकेतस्थळ सांगत नाही. मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगावर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, वाच. फुकट आहेत. माणूस कसं काम करून घेतो, ते त्यातून कळतं, आणि पुढची चार-पाच वर्षं त्यावरच अवलंबून असतात.

पैशांची ओढाताण असेल तर संकोच न करता 'कमवा व शिका' या विद्यापीठात काम करत शिकण्याच्या योजनेची चौकशी कर. पदव्युत्तरची कितीतरी मुलं त्यावर शिकली. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष असू दे, मुदत झटकन संपते.

आवारातच १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. विषय मराठीचा असला तरी तिथली जाहीर व्याख्यानं ऐकायला जा. आणि फार एकटं वाटलं तर आरोग्य केंद्रात जाऊन बोल, अंगावर काढू नकोस.