कंपाउंड धनुष्य खडखडतंय? आधी बाण बघ
साताऱ्याची तिरंदाज अदिती स्वामी 2023 मध्ये जगज्जेती झाली तीही कंपाउंडवरच, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्यावरच, तेव्हा साताऱ्यात तू तेच घेतलंस हे बरं केलंस. पण आवाज दाबणारे सायलेन्सर मागवायची घाई नको. हलका बाण दोरीची सगळी ताकद घेऊन जात नाही. उरलेली धनुष्यातच थरथरते. दोरी ओढायला लागणाऱ्या जोराच्या दर पाउंडाला बाणाचं निदान 5 ग्रेन (1 ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम) वजन हवंच. शिकारीवाले त्याहून जड बाण ठेवतात. (आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद, आपलं लक्ष्य कागदाचंच!) मग साइट (नेम धरायची), रेस्ट (बाण टेकवायचा) आणि स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) यांचे स्क्रू ॲलन कीने तपास. टिचकी मारलीस की सैल भाग लगेच किणकिणतो. बाण सोडताना धनुष्याची मूठ आवळू नकोस. आणि आवाज ऐकायला म्हणून बाणाशिवाय दोरी कधीच सोडू नकोस, लिंब (धनुष्याचं वाकणारं पातं) तडकेल.