काळीज कुठलं आणि अंतःकरण कुठलं

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे. मुलीच्या लग्नपत्रिकेवर ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील’ हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन छापायचं आहे. मुलगी म्हणते, ‘अंतःकरण’ जुनाट वाटतं, त्याऐवजी ‘हृदयाचे शुद्ध’ किंवा ‘ज्यांचं काळीज स्वच्छ’ लिहू. अर्थ बदलतो का?

उत्तर : बदलतो. मूळ वचन आहे तसं छापा.

मुलीचा दोष नाही. हल्ली ‘हृदय’ म्हटलं की लोकांना फक्त भावना दिसतात. लग्नाच्या भाषणांतून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला टोचतं : ‘डोक्याचं ऐकू नका, हृदयाचं ऐका, पवित्र शास्त्रही हेच सांगतं.’ कुठे सांगतं? नीतिसूत्रे 28:26 उघडा. स्वतःच्या हृदयावर भरवसा ठेवणाऱ्याला तिथे सरळ मूर्ख म्हटलंय. यिर्मया 17:9 त्याच हृदयाला कपटी म्हणतो.

घोळ होतो तो डोकं आणि हृदय अशी वाटणी गृहीत धरल्यामुळे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागात, ती वाटणीच नाही. हिब्रूत शब्द आहे ‘लेव’, त्याचंच दुसरं रूप ‘लेवाव’. दोन्ही मिळून 800हून अधिक वेळा येतात. विचार करणारा मेंदू मात्र तिथे एकदाही येत नाही. विचार, निश्चय, आठवण, अक्कल, सगळं लेवमध्ये. होशेय 7:11 मध्ये एफ्राइमला, म्हणजे इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याला, ‘लेव नसलेलं’ कबूतर म्हटलंय. म्हणजे ते निर्दय नव्हे, बिनअकलेचं. शलमोन राजा देवाकडे ‘ऐकणारं लेव’ मागतो ते न्यायनिवाडा करता यावा म्हणून. नव्या करारात ग्रीक ‘कार्दिया’ हेच ओझं वाहते. लूक 2:19 मध्ये येशूची आई मरीया मेंढपाळांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचं मनन करते. तिथे ग्रीकात जे क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘एकत्र टाकणं’, म्हणजे ही गोष्ट त्या गोष्टीशी जुळवून बघणं. हे काम भावनेचं नाही.

आता ‘अंतःकरण’ बघा. करण म्हणजे साधन. आतलं साधन ते अंतःकरण. सांख्य त्यात बुद्धी, अहंकार आणि मन मोजतात, वेदान्ती चित्तही धरतात. लेवला याहून नेमका शब्द मराठीत मला तरी सापडलेला नाही. ज्या भाषांतरकारांनी तो निवडला, त्यांनी दोन्हीकडची परंपरा पचवून निवडला, आणि आपण जुनाट म्हणून तो खाली ठेवायला निघालोय!

राहिलं काळीज. ‘काळीज म्हणजे काव्यातलं हृदय’ असं शिकवणाऱ्यांनी एकदा रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानात उभं राहावं. ‘अर्धा किलो दे, त्यात थोडं काळीज घाल’ म्हटलं की दुकानदार काय कापतो? गडद तांबडं-काळं, सुरीखाली निसटणारं यकृत. हृदय हवं असेल तर ‘दिल’ मागावं लागतं आणि मूत्रपिंड म्हणजे गुर्दा. त्या लाकडी ओंडक्यावर शब्दांची सरमिसळ होत नाही, ती व्यासपीठावर होते. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत, त्यावरूनच आपलं काळीज. आणि कालेय हे नाव पडलं ते त्या काळपट रंगावरून, असं माझं ठाम मत आहे.

गंमत पुढे आहे. त्या ओंडक्यावरचे तिन्ही अवयव पवित्र शास्त्रात आहेत. स्तोत्र 7:9 मध्ये देव ‘हृदयं आणि मूत्रपिंडं’ पारखतो. स्तोत्र 16:7 मध्ये तर रात्री माणसाला शिकवतात ती त्याची मूत्रपिंडं! आपण ‘एवढा गुर्दा आहे का तुझ्यात’ म्हणतो, त्याच्याशी हे किती जवळचं आहे. आणि यकृत? हिब्रूत ‘कावेद’, धातू जडपणाचा. याच धातूवरून फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं, लेव ‘जड’ झालं असं निर्गमाच्या पुस्तकात येतं. आपण ‘जड अंतःकरणाने’ निरोप घेतो तो दुःखाने; फारोचं जडपण हट्टाचं, दगडाचं. विलापगीत 2:11 मध्ये यरुशलेमची पोरं रस्त्यात मूर्च्छित पडलेली बघून कवी म्हणतो की माझं यकृत जमिनीवर ओतलं गेलं. मराठीत हे काळीजच पेलू शकतं, कारण आपलं काळीज आधी यकृत आहे आणि मग दुःखाची जागा. काही इंग्रजी भाषांतरांत तिथे ‘हृदय’ लिहून अवयव बदललाय, आपल्याला काहीच बदलावं लागत नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

‘काळजी’ हा शब्दही या काळजातूनच आला, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय. एक जाणकार म्हणवणारे गृहस्थ मला म्हणाले, तो ‘काळ’ म्हणजे वेळ यावरून आला. मग ‘जी’ कुठून आली? त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. काळजाला लागून राहते ती काळजी. 1 पेत्र 5:7 मध्ये ‘तो तुमची काळजी घेतो’ वाचताना मला तो अवयव दिसतो.

म्हणून पत्रिकेवर काळीज नको. ते कळवळण्याचं ठिकाण आहे, आणि मत्तय 5:8 मध्ये विचारासकट आतला सगळा माणूस शुद्ध हवा आहे. छापखान्यातून प्रूफ आलं की ‘अंतःकरण’मधला विसर्ग तेवढा स्वतः तपासा, तिथे हटकून ‘अंतकरण’ होतं.