बँकॉकच्या वस्तीत जाण्यापूर्वी

प्रिय बेटा,
सस्नेह आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. बँकॉकमध्ये कालव्याकाठच्या वस्त्यांत स्वयंसेवक म्हणून राहून गरिबी आणि घरांचा प्रश्न समजून घ्यायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. अवश्य जा. मात्र भिंती बांधू लागण्याचे जे चित्र मनात धरले आहेस, ते बाजूला ठेव. ते काम तिथला गवंडी कितीतरी चांगले करील आणि त्या मजुरीची त्याला गरजही असेल. तू तुझा वेळ जमिनीचा प्रश्न समजून घेण्यात घाल, कारण शहरातील गरिबाचे घर बहुतेक वेळा जमिनीच्या कागदापाशी अडते, असा माझा अनुभव आहे.

हे आधी आपल्या नागपुरात पाहून जा. मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, एखाद्या झोपडीत तासभर बस. टिनाचे छत इतके तापलेले असते की कूलर चालू असूनही तान्ह्या मुलाला ओल्या फडक्याने सारखे पुसावे लागते. इतकी वर्षे इथे राहून स्लॅब का टाकला नाही, असे विचारशील तेव्हा घरची बाई पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढून तुझ्यापुढे ठेवील. तिच्यात घरटॅक्सच्या पावत्या, विजेची जुनी बिले आणि रेशनकार्ड जपून ठेवलेले असते. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपड्यांना राज्यात संरक्षण आहे आणि त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपड्यांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद झाली, त्यामुळे त्या कागदांवरच्या तारखांना मोठी किंमत आहे. पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी जागा नावावर हवी, म्हणजे गाडी पुन्हा पट्ट्यापाशी, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या कागदापाशी, येऊन थांबते. जमीन मनपाची, सुधार प्रन्यास या शहर विकासाच्या संस्थेची, नझूलची म्हणजे शहरातली सरकारी, रेल्वेची की कागदोपत्री झुडपी जंगल म्हणून नोंदलेली, यावर पट्टा मिळणार की नाही हे ठरते. समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला पट्टा मिळतो, दुसरे ताटकळत राहते, आणि दोघांच्या कष्टांत काडीचाही फरक नसतो. याची मला आजही चीड येते.

एवढे पाहून गेल्यावर तुला बान मन्कोंगचे मोल कळेल. थायलंड सरकारने २००३ मध्ये सुरू केलेल्या या कार्यक्रमात वस्तीने आधी बचत करायची, सहकारी संस्था स्थापन करायची, जमीनमालकाशी बोलणी करून जागा एकत्रितपणे विकत किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घ्यायची आणि कर्जही संस्थेनेच उचलायचे, अशी रीत आहे. बँकॉकमधल्या बांग बुआ कालव्यावरील वस्त्यांनी याच मार्गाने सरकारी जमीन भाडेपट्ट्याने मिळवली आणि पाण्यावर आलेली घरे मागे घेऊन काठ मोकळा केला. तिथे नेमके हेच खोदून विचार: मोठे घर असलेल्याने आपली जागा कमी करायला होकार कसा दिला? हप्ता थकला तर शेजारी काय करतात? भाडेकरूंना संस्थेत जागा मिळाली का, की तेच बाहेर पडले? यशाची गोष्ट सगळेच सांगतील, तू हिशेबाची वही दाखवायला सांग. बचतीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईजवळ बसून काढलेली एक दुपार तुला दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवील.

न विचारता कोणाच्या घराचा फोटो काढू नकोस, मुलांचा तर मुळीच नको. पैसे किंवा कपडे परस्पर वाटू नकोस, त्याने संस्थेची घडी विस्कटते. दुभाष्याचा खर्च आधीच धर. त्यात काटकसर केलीस तर फक्त इंग्रजी बोलणाऱ्या पुढाऱ्यांचेच म्हणणे तुझ्या कानी पडेल.

आणि एक महत्त्वाचे. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही परवाना लागू शकतो, तेव्हा पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नकोस. यजमान संस्थेकडून कामाचे स्वरूप, व्हिसाचा प्रकार आणि तू भरणार असलेल्या शुल्कातून वस्तीला किती मिळणार, हे तिन्ही लेखी मागव. ते पत्र हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नकोस.

तुझा,
काका