उत्तर: गायन चांगलं चाललंय, आनंद मात्र गेला. आधी दादांकडे जा

सलाम भाऊ.

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मिरजेजवळच्या मंडळीत गायनमंडळ तुम्ही चालवता, पेटी स्वतः वाजवता, गाणी पूर्वीपेक्षा चांगली बसतात, पण आशीर्वाद होऊन बाहेर पडलं की आत काही उरत नाही. उपास करून झाले, पहाटेची प्रार्थना वाढवली, गाणी बदलली. आता पाचगणीच्या उपासना शिबिराला जावं का, असं विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "दादांशी वाटणीवरून दोन वर्षं बोलणं नाही, पण तो घरचा विषय."

हे दुखणं माझ्या फार ओळखीचं आहे, म्हणून लांब लिहितो. रोज शास्त्र वाचा, प्रार्थना करा, हे सांगत बसत नाही. ते तुम्ही करताच. मला बोलायचंय ते त्या शेवटच्या ओळीबद्दल.

मी पाळक नाही, वकीलही नाही. आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलं असेल, तर हा उपासनेचा प्रश्न मानू नका, डॉक्टरांना दाखवा. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं. 'इथे काय करतोस' हा प्रश्न होरेब डोंगरावर पोचल्यावर आला. तुमच्या लिहिण्यावरून मात्र तसं वाटत नाही. कामात, मुलांत तुम्हाला रस आहे. फक्त देवासमोर उभं राहिलं की कोरडं वाटतं.

अशा वेळी सगळे जण गाणीच दुरुस्त करायला लागतात, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. एका चर्च-कार्यालयाचं (नाव घेत नाही) उत्तर मला अजून बोचतं. नेमका हाच प्रश्न मी लिहून विचारला, तर उत्तर आलं की घरचे वाद आणि उपासना वेगळी ठेवावी, कार्यक्रमात खंड पडू देऊ नये. सोबत नव्या गाण्यांची यादी आणि साउंड सिस्टीमसाठी वर्गणीचं पत्रक. भावाचं नाव विचारलं नाही, की एक वचन लिहिलं नाही. त्या सल्ल्यावर वर्षं गेली. नवा मिक्सर आला, इको आला, सरावाचे वार वाढले, आणि तो कोरडेपणा तसाच राहिला. पाळकाने किंवा वडीलवर्गाने असा सल्ला दिला तर तो आदराने ऐका आणि बाजूला ठेवा, कारण शास्त्र याच्या नेमकं उलट सांगतं.

२ शमुवेल ६ उघडा, आणि त्याच्याच शेजारी १ इतिहास १५. दावीद राजा कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र संदूक) यरुशलेमेला आणायला निघतो. निवडक तीस हजार माणसं, वीणा, सारंगी, डफ, झांजा, आणि कोशासाठी नवी कोरी गाडी. गायनात काही कमी नव्हतं. खळ्याजवळ बैल अडखळले, उज्जाने कोशाला हात लावला आणि तो तिथेच मेला. दावीद घाबरला, कोश ओबेद-अदोमाच्या घरी ठेवून परतला. तीन महिन्यांनी तो पुन्हा गेला. वाद्यं याही वेळी होती, गर्दी होती, नाचही होता. फरक इतकाच की या वेळी लेव्यांनी (देवसेवेसाठी नेमलेल्या वंशातल्यांनी) कोशाचे दांडे खांद्यावर घेतले होते. पहिल्या वेळी आपण विधीप्रमाणे केलं नव्हतं, हे दावीद स्वतःच १ इतिहास १५ मध्ये कबूल करतो. गणना ७ मध्ये इतर लेव्यांना गाड्या मिळाल्या, कहाथींना (पवित्र वस्तू वाहणाऱ्या लेवी घराण्याला) मिळाल्या नाहीत, कारण त्यांचं ओझं खांद्यावरून न्यायचं होतं. गाडीची कल्पना पलिष्टी या शत्रू लोकांची. त्यांनी कोश परत पाठवताना तसंच केलं होतं आणि ते सोयीचं होतं.

दुसऱ्या वेळचा आनंद बघा. सहा पावलं झाली की यज्ञ, आणि राजा सुती एफोद (याजकाचं वस्त्र) घालून सगळं बळ लावून नाचतोय. देवाचं सान्निध्य तेच होतं. पहिल्या खेपेला त्याची भीती बसली आणि दुसऱ्या खेपेला त्याचाच हर्ष झाला. मधल्या तीन महिन्यांत दावीदाने चाली बदलल्या नाहीत, आज्ञा पुन्हा वाचली.

माझा तो मिक्सर, तुमची बदललेली गाणी, तुमचे उपासदेखील, ही नवी गाडी आहे. खांद्यावर घ्यायचं ओझं म्हणजे दादा.

"मग आज्ञा पाळून आनंद विकत घ्यायचा का?" असं कुणीतरी खाली लिहीलच. नाही. योहान १५ मध्ये क्रम स्पष्ट आहे. ९व्या ओवीत प्रभू आधी सांगतो की मी तुमच्यावर प्रीती केली आहे, तिच्यात राहा. १०व्या ओवीत आज्ञा पाळण्याचं येतं, ११व्यात त्याचा आनंद आपल्यात असण्याचं आणि तो पूर्ण होण्याचं. प्रीती आधीच मिळालेली आहे. आज्ञा पाळणं म्हणजे त्या प्रीतीच्या घरात राहणं, आणि आनंद त्या घरात असतो, अंगणात नाही. आता १२वी ओवी वाचा. ती आज्ञा कोणती? एकमेकांवर प्रीती करा. म्हणजे या अध्यायात आनंदाला लागूनच भाऊ उभा आहे.

लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला मुलगाही हेच दाखवतो. शेतावरून येतो, घरात गाणं-बजावणं ऐकतो आणि बाहेरच थांबतो. एकही आज्ञा मोडली नाही असं बापाला सांगतो, आणि ते खरंही असेल. पण भावाला तो भाऊ म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. प्रेमाविना आज्ञापालन त्याला संगीताच्या दारापर्यंत आणतं, आत नेत नाही. बाप मात्र त्याला समजवायला स्वतः बाहेर येतो. तुमचा कोरडेपणा हे देवाने टाकून दिल्याचं लक्षण नाही. बाप अंगणात येऊन तुमच्याशी बोलतोय, असं मी ते वाचतो.

आता करायचं काय. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी जायचं आहे, समेट करायचा आहे आणि मग येऊन अर्पण करायचं आहे. अर्पण रद्द होत नाही, थांबतं. म्हणून माझं मत (मतच आहे, नियम नव्हे): येत्या रविवारी पेटी दुसऱ्याला द्या, बाकावर बसा. कारण जाहीर करू नका, पाळकांना एकट्यांना सांगा. आणि त्याच आठवड्यात जा. पंधरवडा गेला की पाय जड होतात.

जाण्याआधी एका कागदावर फक्त तुमच्या बाजूचं लिहा. कोणते शब्द बोललात, कुणासमोर बोललात, कोणता पैसा अडवलात, बांध सरकवला का. दादांनी काय केलं ते त्या कागदावर नको. वहिनींचं तर मुळीच नको. अनेक समेट इथे फसतात. माणूस माफी मागायला जातो आणि पाचव्या मिनिटाला हिशेब सुरू होतो.

फोन फक्त वेळ विचारायला करा. व्हॉट्सॲपवर माफी नको, ती चुलत्यांपर्यंत जाते. दिवस आठवड्यातला, संध्याकाळ, त्यांच्याच घरी. लग्नात, दफनविधीला किंवा चर्चच्या आवारात नको, तिथे समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक नसते. ऊसबिल जमा व्हायच्या दिवसांत तर नकोच. पाळकांना पहिल्या भेटीत नेऊ नका. मत्तय १८:१५ मध्येही पहिलं बोलणं दोघांतच आहे.

बोलणं नेमकं ठेवा. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" हे वाक्य टाळा, त्यात सगळा दोष ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर जातो. "दादा, बैठकीत सगळ्यांसमोर मी तुम्हाला लबाड म्हणालो, ते चुकलं, मला क्षमा करा," इतकंच आणि असंच, जे खरोखर घडलं त्याचं नाव घेऊन. मग गप्प राहा. चहा आला तर प्या. जमिनीचं त्या दिवशी काढू नका, त्यांनी काढलं तर "त्यासाठी परत येतो" म्हणा.

पैसा अडवला असेल तर क्षमा मागून भागत नाही. लेवीय ६ मध्ये मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा, तोही दोषार्पणाच्याच दिवशी परत करायचा आहे. २० हजार राखले असतील तर २४ हजार न्या. हा आज आपल्यावर कायदा म्हणून आहे असं मी म्हणत नाही, पण यामागचं शहाणपण अचूक आहे. नुसती मुद्दल परत केली तर समोरच्याने सोसलेली वर्षं हिशेबातच येत नाहीत. जक्कय या जकातदाराने तर चौपटीची तयारी दाखवली, आणि प्रभूला त्याने घरी घेतलं ते आनंदाने, हे लूक मुद्दाम नोंदवतो.

दादांनी दार उघडलं नाही तर? रोम १२:१८ तुमच्या हाताची सीमा आखून देतं: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. तुमच्याकडचं झालं. काही आठवड्यांनी एकदा परत जाऊन बघा, आणि दरम्यान पेटीवर बसा. भावाच्या होकारावर तुमची उपासना टांगून ठेवू नका, आज्ञा जाण्याची होती. एक मात्र पाळा. या भेटीची साक्ष रविवारी मंडळीत देऊ नका. दादांची परवानगी नसताना दिलेली साक्ष म्हणजे दुसऱ्यांदा चारचौघांत बोलणं.

जमिनीचं थोडं, कारण ते लोंबकळत राहिलं तर मन पुन्हा विटेल. क्षमा म्हणजे हिस्सा सोडणं नव्हे. दोघे राजी असाल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ८५ खाली तहसीलदाराकडे सहमतीने वाटपाचा अर्ज करता येतो. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात, बहिणींच्याही. त्यांना वगळून केलेलं वाटप पुढे उलटतं, आणि तेही आज्ञाभंगच आहे. तपशील वकिलाला विचारा.

आता गाण्यांचं, कारण तेही विचारलंय. पेटीवर परत बसाल तेव्हा दोन गोष्टी बदला.

पहिली पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वरावर सा धरायचा ते. स्वतःच्या गळ्यासाठी पांढरी तीन (तिसरी पांढरी पट्टी) धरलीत तर तार रे म्हणजे काळी तीन होते, आणि मागच्या बाकांवरच्या बायका-पुरुष दोघेही तिथे सुटतात. तार रेपर्यंत जाणारं गाणं पांढरी एकमध्ये घ्या, त्याहून वर जाणारं आणखी खाली. मंडळी गात नसेल तर ती उपासना तुमच्या चौघांची झाली.

दुसरी रचना. सुरुवातीलाच हर्षाची तीन गाणी लावायची आणि वेळ वाचवायला पापांगीकार (पापांची कबुली) उरकायचा, ही सवय सगळीकडे पसरते आहे. स्तोत्र ५१ मध्ये तारणाचा हर्ष परत मागितला आहे, तो कबुली दिल्यानंतर. म्हणून एक स्तुतिगीत, मग पापांगीकार, त्यानंतर पूर्ण एक मिनिट शांतता, पेटीवर फक्त सा-प धरून किंवा तेही नाही. मग क्षमेचं वचन वाचा आणि त्यानंतर सगळ्यात आनंदाचं गाणं. शांततेत लोक चुळबुळतात, कुणीतरी खोकतं. घाबरून तबला सुरू करू नका. त्याच मिनिटात कुणालातरी त्याचा दादा आठवत असतो.

घरी एकट्याने गायला 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं रेव्ह. ना. वा. टिळकांचं एखादं भजन घ्या, पेटीशिवाय, संथ. टिळक तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात राहिले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एका बंधुत्वात आणायला. १९१९ मध्ये ते गेले, म्हणजे त्यासाठी हाताशी फार दिवस नव्हते. त्यांची भजनं नुसती चालीसाठी गाऊ नयेत असं मला फार वाटतं. तंबोरा हवा असेल तर तुम्ही मिरजेजवळच आहात, सतारमेकर गल्लीत जुना दुरुस्त करून मिळतो का बघा. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर पैसे घालू नका.

शिबिराचं: पैसे भरले नसतील तर यंदा थांबा. भरले असतील तर जाण्याआधी दादांकडे जाऊन या. आणि पुढचं प्रभुभोजन कोणत्या रविवारी आहे ते इथे लिहा, त्या दिवशी सकाळी तुमच्यासाठी आणि दादांसाठी, दोघांसाठी नाव घेऊन प्रार्थना करीन.